तिसऱ्या मजल्यावरचं पाणी

वाचनालयाच्या वरच्या खोलीत सहलीचा बेत वाचून झाला आणि प्राध्यापकांनी "काही शंका?" असं विचारलं. विचारायची पद्धत म्हणून विचारलं इतकंच. लेखिकेवर दोन जाडजूड ग्रंथ लिहिलेल्या माणसासमोर शंका काढणार कोण? सकाळी तिची शाळा, मग ती कामाला होती तो छापखाना, आणि शेवटी टेकडीवरचं तिचं बालपणीचं घर, ज्याच्या भिंतीवर चाळीस वर्षांपासून दगडी पाटी आहे. वाचक मंडळातले तीसजण माना डोलावत होते.

तेवढ्यात नळभाऊंनी हात वर केला.

नळभाऊ धंद्याने प्लंबर. पाइप, तोट्या, तुंबलेली गटारं यांत त्यांचा जन्म गेला. पुस्तकं हाती लागली तीही पाण्यामुळेच. एका तळघरात पाणी शिरलं होतं, ते उपसताना घरमालकाने भिजलेल्या पुस्तकांचा ढीग बाहेर फेकला. त्यातलं एक यांनी उचललं आणि पान पान सुटं करून वाळवलं. ती या लेखिकेची कादंबरी होती, सहा भावंडांच्या घराची. पन्नाशीला टेकलेला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा अख्खं पुस्तक वाचून उठला आणि बायकोला म्हणाला, "अगं, ही बाई खोटं बोलत नाही." तेव्हापासून गेली आठ वर्षं त्यांनी तिची सगळी पुस्तकं पालथी घातली होती.

"सर," नळभाऊ म्हणाले, "ते टेकडीवरचं घर तिचं नसावं."

खोलीत कुजबुज झाली. प्राध्यापक हसले. "का बरं?"

"तिथे पाणी चढणार नाही."

आता सगळेच हसले. नळभाऊंचे कान लाल झाले, पण शेजारी बसलेल्या बायकोने कोपराने ढोसलं, "बोला ना पुढे. गप्प काय बसताय!"

"कादंबरीत ते लोक तिसऱ्या मजल्यावर राहतात," नळभाऊ म्हणाले. "आईचे केस बांधून होईस्तोवर बादली भरून वाहते. एवढा जोर! आणि टेकडीवरचं घर पाण्याच्या टाकीला खेटून आहे. ती जुनी टाकी, अर्धी जमिनीत. त्या काळी पंप नव्हते. म्हणजे टाकीतलं पाणी टाकीपेक्षा उंच असलेल्या मजल्यावर जाणार कसं? पाणी काही कादंबरी वाचून चढत नाही, सर."

"अहो, कादंबरी आहे ती," प्राध्यापक समजावणीच्या सुरात म्हणाले. "लेखक कल्पना करतो."

"पण तिनेच आठवणींत लिहिलंय ना, की घर होतं तसंच उतरवलं म्हणून? मग सगळं खरं आणि नळ तेवढा खोटा?"

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "पुरावा आणा, नळभाऊ. मग बेत बदलू." आणि वही मिटली.

जिना उतरताना मंडळातलं कुणीतरी मागून म्हणालं, "ज्याचं त्याने करावं. आपला पाना बरा नि आपली तोटी बरी." नळभाऊंना ते लागलं. घरी येऊन ते जेवायला बसले, पण भाकरी नुसती चिवडत राहिले.

बायकोने मात्र ताट बाजूला सारून टेबलावर कादंबरीच उघडली. तिने टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं कानाला यंत्र लावून काढली होती. लोक नजरेने वाचतात, ती कानाने वाचायची.

"हे बघा," ती म्हणाली, "शाळेची घंटा. तीन ठिकाणी आलीय, आणि तिन्ही वेळा 'वरून' ऐकू येते. शाळा टेकडीच्या मध्यावर. म्हणजे घर शाळेच्या खाली."

नळभाऊ ताठ बसले. "आणि पाणी यायच्या आधी नळ तीनदा खोकतो. पाइपात कोंडलेली हवा आधी बाहेर पडते, म्हणून. लाइनीच्या अगदी शेवटच्या टोकाला असं होतं, जिथून पुढे पाणी जातच नाही."

"खाली आणि टोकाला," बायको म्हणाली. "मग आपण दोघं आधी जाऊन बघूनच येऊ की! हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

रविवारी पहिल्या बसने दोघं लेखिकेच्या गावात उतरली. पाटीवाल्या घराकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. टाकीपासून सुरुवात केली आणि रस्त्यातली लोखंडी झाकणं बघत उतरू लागली. जमिनीखालची लाइन दिसत असल्यासारखी नळभाऊंची पावलं चालत होती: इथे फाटा फुटला, इथे व्हॉल्व्ह, इथून पाइप बारीक झाला. शाळा मागे पडली. दुकानं संपली. बायकोच्या गुडघ्याने कुरकुर सुरू केली, पण ती थांबली नाही. शेवटी दोघं कातडी कमावायच्या बंद कारखान्यामागच्या गल्लीत शिरली, आणि गल्ली एका भिंतीला जाऊन संपली. भिंतीपाशी जुनं, गंजलेलं झाकण होतं.

"इथे लाइन संपली," नळभाऊ म्हणाले.

गल्लीत तीन मजल्यांची घरं दोनच होती. पहिल्याचा जिना लाकडी आणि नवा. दुसऱ्याच्या जिन्यात पाऊल टाकलं आणि नळभाऊ थबकले. भिंतीला धरून तळापासून वरपर्यंत मनगटाएवढा लोखंडी पाइप गेला होता, रंगाचे थरावर थर चढलेला. त्यांनी त्यावर तळवा ठेवला.

तिसऱ्या मजल्यावर दोन दारं होती. एकाला कुलूप. दुसरं एका आजींनी उघडलं. नव्वदी गाठलेली बाई, पण जीभ कशी सुईसारखी.

"काय विकायला आलात?"

"काही नाही, आजी," बायको म्हणाली. "समोरच्या घरात पूर्वी कोण राहायचं, तेवढं विचारायचं होतं. सहा भावंडं होती का कधी?"

"होती की! रडकी, भांडखोर. चौथी तर अवलिया. पाइपाला कान लावून जिन्यात बसायची, आणि पाणी यायला लागलं की सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं बोंबलायची, 'आलं!' पुढे म्हणे पुस्तकं लिहायला लागली."

नळभाऊंनी बायकोकडे पाहिलं. कादंबरीतली चौथी मुलगी नेमकं हेच करते. "तुम्ही वाचलंत तिचं पुस्तक?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी कुठली वाचते! माझे डोळे शिवणकामात गेले. माझ्या आईला मात्र तिचं कार्ड आलं होतं एकदा." आजी आत गेल्या, बराच वेळ खुडबुडल्या आणि एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड घेऊन आल्या. पत्ता याच घराचा. खाली लेखिकेची सही. मजकूर चार ओळींचा: आम्ही गेल्यावर आमच्या खोलीत कोण आलं, जिना तसाच आहे का, आणि नळ अजून तीनदा खोकतो का.

बायकोने ते मोठ्याने वाचलं. नळभाऊ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"हे आमच्या सरांना दाखवायला नेऊ का, आजी?"

"छे! कार्ड उंबरठ्याबाहेर जाणार नाही. ज्याला बघायचंय त्याने जिना चढून यावं."

पुढच्या बैठकीत नळभाऊंनी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. प्राध्यापकांनी दोन-तीन प्रश्न विचारले, कार्डावरची सही कशी होती ते कागदावर काढून दाखवायला सांगितलं. बायकोने काढून दाखवली. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि यादीतल्या 'टेकडीवरचं घर' या ओळीवर स्वतःच्या हाताने काट मारली.

सहलीच्या दिवशी त्या जिन्यात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. खालच्या मजल्यांवरची बिऱ्हाडंसुद्धा दारात येऊन उभी होती. आपण कुणाच्या घरात राहतो ते त्यांनाही आजच कळत होतं. आजी ठेवणीतली शाल पांघरून खुर्चीत बसल्या होत्या. प्राध्यापक धापा टाकत वर आले, कार्ड दोन्ही हातांत धरून त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग कठड्याला धरून वळले.

"मंडळी," ते म्हणाले, "मी दोन ग्रंथ लिहिले आणि दोन्हींत चुकीचं घर दिलं. दोन्हींच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती येईल, आणि शोध कुणी लावला तेही येईल." मग बाजूला सरकून त्यांनी जागा करून दिली. "या, नळभाऊ. आता तुम्ही सांगा. मीही ऐकतो."

नळभाऊंनी सांगायला सुरुवात केली. टाकी कुठे, उतार किती, हवा कशी कोंडते, घंटा वरून का ऐकू येते. "हे घंटेचं माझं नाही, हिचं आहे," असं म्हणून त्यांनी बायकोला पुढे ओढलं. लोक प्रश्न विचारत होते, वह्यांत टिपत होते. पान्याची नि तोटीची गोष्ट काढणारे गृहस्थ सगळ्यांत पुढच्या पायरीवर बसून विचारत होते, "म्हणजे नळभाऊ, बादली भरायला साधारण किती वेळ लागत असेल?"

परतीच्या बसमध्ये ग्रंथपाल बाई ड्रायव्हरशेजारी उभ्या राहून ओरडल्या, "पुढच्या वर्षीची सहल कोण आखणार?"

बसमधली सगळी बोटं एकाच सीटकडे वळली. प्राध्यापकांचंही.

"अहो, उठा," बायको म्हणाली. "उभे राहा. लोक बघतायत."

नळभाऊ उठले, समोरच्या सीटची दांडी घट्ट पकडली आणि बोलायला तोंड उघडलं. पण त्यांना हसूच फुटलं, अगदी पोटापासून, आणि बघता बघता अख्खी बस त्यांच्याबरोबर हसायला लागली.