भामाकाकी ऑनलाइन

दहाव्याला कावळा शिवेना.

भामाबाईंचा पिंड केळीच्या पानावर मांडून बराच वेळ झाला होता. गव्हाणच्या तळ्याकाठी माणसं भरपूर होती. कावळा एकच होता, आणि तोही विजेच्या तारेवर बसून भाषणं ऐकत होता. आधी बुवांचं प्रवचन झालं. आत्मा अमर असल्याचं त्यांनी माईकवरून इतक्या मोठ्याने सांगितलं की शंकेला जागाच उरली नाही. मग सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी आळीपाळीने श्रद्धांजली वाहिली. भामाबाईंना जन्मात न भेटलेल्या एकाने त्यांना 'विकासाची तळमळ असलेली माउली' म्हटलं. समीक्षाने मान खाली घातली. तिच्या आईला तळमळ होती ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती या मंडपात सांगण्यासारखी नव्हती.

"विमानतल झाल्यापासून कावलंच ऱ्हायलं नायत," जगनमामा म्हणाला.

ते खरं असावं. बाकीचे कावळे बहुधा मोबदला घेऊन दुसरीकडे राहायला गेले होते.

कावळा शिवत नाही म्हणजे जाणाऱ्याची काहीतरी इच्छा राहिलेली असते. मग नातेवाइकांनी एकेक करून पुढे व्हायचं आणि ती पुरी करण्याचा शब्द द्यायचा. इच्छा मेलेल्याची, पण ती सुचते जिवंतांना, त्यामुळे सहसा जिवंतांच्या सोयीची असते.

"भामे, तुज्या लेकीचं लगीन मी लावून देईन!" मामा ओरडला. लेकीने चाळिशी ओलांडली होती. कावळ्याने तारेवर चोच घासली.

"भामे, तुला आवडायचं तसं सुकटीचं कालवन दर वर्साला करीन," सुमतीमावशी म्हणाली. कावळ्याने मान तिरकी केली. हा मुद्दा त्याला विचार करण्यासारखा वाटला असावा.

समीक्षा मागे उभी होती. खारघरच्या कॉलेजात ती मराठी शिकवत असे. मृत्यूवर तिने इतकं वाचलं होतं की तो घरी आला तेव्हा निदान तोंडओळख तरी पटायला हवी होती. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण ऊन चढलं होतं, मावशीला चक्कर येत होती, आणि आई रोज संध्याकाळी चहा पिताना जे सांगायची ते तिला आठवत होतं: "आमचं गोल्ड एकावर ऱ्हायलंय गं."

'आई,' ती पुटपुटली, 'तुझी टीम मी गोल्डला नेते.'

त्याच क्षणी मामा पुढे सरसावून गरजला, "भामे, रस्त्याकडंचा प्लॉट आपन कुनाला इकनार नाय!"

कावळा खाली आला. भात उचलला. गावाने सुस्कारा सोडला, आणि मामाच्या पाठीवर इतक्या थापा पडल्या की हे सुतक आहे का सत्कार, ते कळेना.

समीक्षा घरी येताना स्वतःला सांगत राहिली, कावळा भुकेला होता. पण शब्द तर गेला होता.

तो फोन समीक्षानेच आईला दिला होता. वडील गेले, आईचे गुडघे गेले, पनवेलच्या फ्लॅटमध्ये बाई दिवसभर एकटी. निदान चांगलं काही ऐकेल म्हणून तिने निवडक कथांची अभिवाचनं भरून दिली. आईने आठवडाभर ऐकली. मग म्हणाली, "या गोष्टींतल्या बायका सारख्या खिडकीत उभ्या ऱ्हातात. यांना घरात कामं नायत काय?"

पुढच्या आठवड्यात अभिवाचनं गेली आणि गेम आला.

चौघांची एक टीम. विमानातून एका बेटावर उड्या मारायच्या, रिकाम्या घरांतून बंदुका गोळा करायच्या आणि बाकीचे मरेपर्यंत आपण मरायचं नाही. बेटाभोवती एक निळी रेघ आवळत येते. बाहेर राहील तो भाजून निघतो. समीक्षाला ही कल्पना अगदीच नवी नव्हती. त्यांच्या कॉलेजात विभागप्रमुख असाच निवडला जायचा. आपली माणसं जितकी जास्त टिकतील तितके गुण मिळतात, आणि गुण साठले की टीम सिल्व्हरवरून गोल्डला जाते.

"आई, किती हिंसक आहे हे," समीक्षा म्हणाली होती.

"तुज्या पुस्तकांत काय कमी मरतात?"

"ती माणसं विचार करून मरतात."

"तेच तर. ही चटकन मरतात, आनि परत येतात."

जी बाई उरण नाक्यापर्यंत रिक्षाशिवाय जाऊ शकत नव्हती ती आता डोंगर चढायची, खिडकीतून उडी मारायची (खिडकीत उभी राहायची नाही), मोटारसायकलने नदीत जायची. आणि बोलायची. एकदा भर गोळीबारात तिने कोणा खलीलला विचारलं होतं, "खलील म्हंजे कुनाचा तू?" तो मूळ पनवेलचा, सध्या दोह्यात गोदामावर आहे हे कळल्यावर त्याच्या आजोबांचं दुकान कुठल्या गल्लीत होतं ते तिने सांगितलं. तेवढ्यात दोघंही मेले. दुसरी होती रंजिता, तळोज्याच्या कारखान्यात पॅकिंगला. चौथा दर वेळी नवा अनोळखी माणूस मिळायचा आणि आईच्या बोलण्याने बावरून जायचा.

टीममधलं कोणी गोळी लागून पडलं, की तो पुरता मरायच्या आत जवळ जाऊन, गुडघ्यावर बसून त्याला उठवता येतं. त्यासाठी काही क्षण जागचं हलता येत नाही. त्या वेळी भिंतीपलीकडून आईचा आवाज यायचा, "ऊठ रं मेल्या, तुजी आय वाट बगते घरी!" समीक्षा आगरी बोलीच्या जतनावर परिसंवादांत बोलत असे. त्यामुळे घरात सहकारी आले असतील तर ती उठून मधलं दार लावून घ्यायची.

गेमचा सीझन संपायला थोडेच दिवस राहिले होते; मग साठलेले गुण पुसले जाणार होते. समीक्षाने सुट्टी वाढवली, आणि दुपारी जेवणं झाल्यावर आईचा फोन घेऊन आईच्या खाटेवर बसली.

"सुतकात टीव्ही लावायचा नाय हां," स्वयंपाकघरातून मावशी म्हणाली. "मोबाईल चालतो. तो कामाचा."

गेम उघडताच वर हिरवा ठिपका लागला: भामा गव्हाण, ऑनलाइन.

"काकी!" खलीलचा आवाज आला. "इतने दिन कहाँ थीं आप? आम्ही इकडे अनाथ!"

"काकी, पार गायबच झालाव!" रंजिता म्हणाली. "बरं हाय ना?"

समीक्षाचं बोट माईकच्या खुणेवर होतं. सांगायचं तर वाक्य हवं. दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करण्यात तिची हयात गेली होती. 'आई गेली' हे वाक्य दोनच शब्दांचं होतं, आणि दोन्ही शब्द तिला चुकीचे वाटत होते. तिने माईक बंदच ठेवला.

मग ती जे खेळली त्याला खेळणं म्हणणं हा औदार्याचा भाग होता. पहिल्या दिवशी ती एका गच्चीवर उतरली आणि तिला खाली येता येईना. शत्रू येईपर्यंत ती तिथेच होती, आणि शत्रूने फार वेळ लावला नाही. दुसऱ्या दिवशी समुद्रात गेली. तिसऱ्या दिवशी ऐन लढाईत मावशीने आपल्या फोनवर कीर्तन लावलं. घरातलं सगळं नेट हरिनामाला गेलं आणि समीक्षा एका पायावर गोठून उभी राहिली. ती हलायला लागली तेव्हा तिचं प्रेत झालेलं होतं.

"काकी, चश्मा कुठे विसरलात?" खलील म्हणायचा.

"काकी, बोलत का नाय? घसा बसलाय काय?" रंजिता विचारायची. शेवटी तिनेच ठरवलं की घसाच बसला आहे, आणि गरम पाण्यात हळद घ्यायला सांगितलं.

तेव्हा समीक्षाने तिला जमणारी एकच गोष्ट केली, अभ्यास. तज्ज्ञांचे व्हिडिओ पाहिले, टिपणं काढली. निष्कर्ष स्वच्छ होता: धावू नका, दिसू नका, झुडपात पडून राहा, बाकीचे एकमेकांना मारतात आणि आपले गुण आपोआप वाढतात. आणि सगळ्यांत मोठी चूक म्हणजे पडलेल्याला उठवायला उघड्यावर जाणं. समीक्षाला हायसं वाटलं. झुडपात पडून राहणं तिला येत होतं.

दरम्यान मामा एका ब्रोकरला घेऊन प्लॉटवर जाऊन आला. त्याचं म्हणणं, विकणार नाही असा शब्द दिला होता, दाखवणार नाही असा दिला नव्हता.

झुडपाचा उपाय लागू पडला. गुण वाढू लागले. सीझनच्या शेवटच्या दुपारी गोल्ड खरोखरच एका गुणावर राहिलं.

त्या दिवशी चौथा आला त्याचं नाव होतं 'यमराज'. तो सगळ्यांना शिव्या देत होता, आणि मागून कोणीतरी त्याला भाजी आणायला पाठवू पाहत होतं. रंजिता लवकर मेली आणि बाहेरून बघत बसली. निळी रेघ आवळत आली. शत्रूच्या मोजक्याच टीम उरल्या. समीक्षा विहिरीजवळच्या झुडपात पडून होती, यमराज एका भिंतीआड होता, आणि दोघांच्या मधल्या उघड्या शेतात खलीलला गोळी लागून तो पडला.

"कोई मत जाना," यमराज म्हणाला. "बैठे रहो. एक टीम और मरने दो, गोल्ड पक्का है."

हेच टिपणांत होतं, अधोरेखित.

"काकी, मत आओ," खलील म्हणाला. तो रांगत होता. "अल्लाह के वास्ते, या वेळी नको. गोल्ड होतंय."

"बसा काकी!" रंजिता ओरडली. "दर येली उठताव, दर येली गोल्ड जातं. या येली तरी बसा!"

समीक्षा बसली. दर वेळी, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने शब्द दिला होता, दिला तेव्हा कावळा खाली आला होता, आणि तो पाळायला आता काहीही न करणं पुरेसं होतं. इतका सोपा शब्द आयुष्यात कोणाला मिळतो? पडद्यावर खलीलच्या जिवाची लाल रेघ कमी कमी होत होती. वरती कोपऱ्यात छोट्या अक्षरांत आईचं नाव होतं.

ती झुडपातून उठली.

"अरे पागल है क्या ये!" यमराज किंचाळला. "नहीं ला रहा भाजी, रुको!" हे बहुधा घरातल्यांना होतं.

समीक्षा शेतातून धावली. बाजूने गोळ्या चालल्या होत्या, वाकडंतिकडं धावायचं असतं हे ती विसरली आणि सरळ धावली. खलीलजवळ पोचली. आईचं चित्र गुडघ्यांवर बसलं, सहज, जसं काही ते गुडघे कधी दुखलेच नव्हते. हलता येत नव्हतं. वाट बघायची होती फक्त. आणि कधी कोण जाणे, तिने माईक चालू केला होता.

"ऊठ रं मेल्या!" समीक्षा ओरडली. "तुजी आय वाट बगते घरी!"

खलील उठला. पुरता उभासुद्धा राहिला. मग कुठल्याशा खिडकीतून गोळ्या आल्या, खलील परत पडला आणि आईचं चित्र गुडघ्यांवरच संपलं. पाठोपाठ यमराजही गेला. तो जाताना काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही; पण भाजी आणायला तो आता मोकळा झाला होता.

गोल्ड गेलं. पडदा करडा झाला.

समीक्षाचा माईक चालूच होता.

"ही काकी नाय," रंजिता म्हणाली.

"नाही," समीक्षा म्हणाली. "मी त्यांची मुलगी. आई गेली."

वाक्य दोनच शब्दांचं निघालं.

"कधी?"

"तुम्ही शेवटचे एकत्र खेळलात ना, त्याच रात्री. हृदयविकाराचा झटका आला."

खलीलने हळू आवाजात दुआ म्हटली. मागे कुठेतरी गोदामात लोखंडी दार सरकल्याचा आवाज झाला.

"आमाला वाटलं, नेट गेलं," रंजिता म्हणाली. "रोज वाट बगत होतो. वाटायचं, रिचार्ज संपला आसंल काकीचा."

समीक्षाने फोन मांडीवर ठेवला, परत उचलला. त्यांना सांगायला हवं होतं. तिने दहाव्याचं सांगितलं, तारेवरचा कावळा, मामाचा प्लॉट, आणि आपण काय बोललो ते. "आणि आज हातात आलेलं घालवलं मीच. तिची एकच इच्छा होती."

"कोणती? गोल्डची?" खलील म्हणाला. "ताई, काकी किती सीझन एकावरच राहिल्या माहितीय? दर वेळी आम्ही ओरडायचो. दर वेळी त्या यायच्या. एकदा तर चौथ्या अनोळखी माणसासाठी गेल्या. तो म्हणाला, मैं आपको जानता भी नहीं. म्हणाल्या, ऊठ तर आधी, मग ओळख करू."

"मग कावळा शिवला कशाला?" समीक्षाने विचारलं. मराठीच्या प्राध्यापिकेने हा प्रश्न अगदी मनापासून विचारला.

"भूक लागली आसंल त्याला," रंजिता म्हणाली.

समीक्षा हसली. हसतानाच तिला रडू फुटलं, आणि इतके दिवस जे आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. दोघं ऐकत राहिले. कोणी 'सावरा' म्हणालं नाही.

तिने डोळे पुसले तेव्हा दारात सुमतीमावशी उभी होती. हातात पळी होती आणि पळीतून आमटी फरशीवर गळत होती.

"मला वाटलं, भामी वरडली," मावशी म्हणाली.

"मीच ओरडले, मावशी."

"हां." मावशी आत आली आणि खाटेच्या कडेवर टेकली. फोनकडे बघत राहिली. करड्या पडद्यावर आईचं चित्र अजून गुडघ्यांवर होतं. "आनि त्यो कोन पडलाय बाजूला?"

"खलील. आमच्या टीममधला."

"मंग उठव ना त्याला."

"संपला तो गेम, मावशी."

मावशीने पळी दुसऱ्या हातात घेतली आणि जरा आत सरकून बसली.

"दुसरा लाव," ती म्हणाली.