वर वारा सुटलाय

ओळखलंत का मला, मित्रांनो? कुठून ओळखणार! टीव्हीच्या मागे डोकावतं कोण? मी कॉम्बायनर. काडेपेटीएवढा, पत्र्याचा, तीन तोंडांचा. माझा जुळा भाऊ गच्चीवर असतो. डिशची वायर आणि जुन्या अँटेनाची वायर त्याच्यात शिरतात आणि दोघींची मिळून एकच केबल खाली माझ्याकडे येते. मी पुन्हा वाटणी करतो. डिशचं ते हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला, अँटेनाचं ते आतल्या खोलीत आजीच्या छोट्या टीव्हीला.

डिशवाल्याने मला बसवलं तेव्हा काय कौतुक झालं माझं! "भिंतीला दुसरं भोक पाडायला नको," म्हणाला तो. आजी म्हणाली, "बाई गं, एवढासा जीव, आणि दोन्ही घरं सांभाळतो!" मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

आजीला डिशचे ढीगभर चॅनल नको होते. अँटेनावर दुपारी जुनी गाणी लागतात, तेवढी पुरे. आजोबा होते तेव्हा वाऱ्याने अँटेना फिरला की ते गच्चीवर त्याचा खांब धरून फिरवायचे आणि आजी खिडकीतून ओरडायची, "आलं, आलं! अहो, गेलं! जरा मागे!" आजोबा गेले आणि तिला टीव्हीचीच सोबत उरली.

पण आजी हाका फार मारायची. पाणी हवं, हाक. छान गाणं लागलं, हाक. काही नको असलं तरी हाक. एकदा हॉलमध्ये मॅच ऐन रंगात आली होती आणि आजीचा मुलगा वैतागला. त्याने माझ्याकडे हात घातला आणि आजीची वायर फिरवून काढली. आतल्या टीव्हीवर मुंग्या आल्या. "वर वारा सुटलाय वाटतं," असं म्हणून आजी गप्प बसली.

झालं, औषध सापडलं! हाक आली की वायर काढायची. सून हसून विचारायची, "अहो, आज वारा नाही का सुटला?" बाहेर झाडाचं पान हलत नसायचं. मला त्या बोटांची शिसारी यायची.

"बाळा, जरा खांब बघतोस का रे?" आजी विचारायची.

"उद्या बघतो."

तो उद्या काही उजाडला नाही. एका दुपारी दोघं वायर तशीच काढलेली ठेवून बाहेर गेले. आजी भिंत धरत धरत गच्चीवर गेली, तिने खांब फिरवला आणि उतरताना ती जिन्यात पडली. खुबा मोडला.

दवाखान्यातून तिला आणलं, त्या दिवशी मुलाने गुपचूप वायर जोडली. चित्र आधीपेक्षा धूसर होतं, कारण आता खांब खरंच फिरला होता. पण आजीचा चेहरा काय खुलला! "बघितलंस? मी फिरवला म्हणून आलं. पडले तर पडले!"

"हो, आई," मुलगा म्हणाला. खरं सांगायला त्याची जीभ रेटली नाही.

मला वाटलं, आता तरी सुटलो. पहिले काही दिवस दोघं हाकेसरशी धावले. पण आजीला आता कूसही बदलता येत नाही. दुखलं की ती हाक मारते, आणि दुखतं सारखंच. काल हॉलमध्ये पुन्हा मॅच होती. ती बोटं पुन्हा माझ्याकडे आली.

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल, गंजू द्या मला. पण आतून कुणी हाक मारली, तर आधी उठा.

काल कुणी उठलं नाही. आत मुंग्या आल्या, आणि आजी कण्हत म्हणाली, "बाळा, वारा सुटलाय बघ. पण तू नको हं जाऊस गच्चीवर. जिना वाईट आहे, पडशील."