ठिपकीची राहिलेली साक्ष

मी ठिपकी बोलतेय. हडपसरच्या जुन्या गावठाणातल्या कौशल्याबाईंची कोंबडी. माझे डोळे मिटलेले दिसले तरी मी झोपले आहे असं समजू नका. आम्हा कोंबड्यांचं अर्धं आयुष्य डुलक्यांत जातं, आणि त्या डुलक्यांत आम्हाला जरा जास्तच दिसतं. मी जे पाहिलं ते वेळेवर सांगितलं नाही आणि त्यापायी एकाचं घर सुटलं. म्हणून आज बोलायला बसले आहे.

माझा जन्म याच अंगणातला. चहूबाजूंनी इमारती उठल्या, पण कौशल्याबाईंनी आपलं पत्र्याचं घर, हे अंगण आणि आम्हाला सोडलं नाही. पश्चिमेला वीस मजल्यांचा टॉवर आहे. दुपारी चारला त्याची सावली आमच्यावर पडते आणि आम्ही रोज फसतो. संध्याकाळ झाली म्हणून एकेक जणी भिंतीशी जाऊन अंग फुगवून बसते. पलीकडच्या गल्लीत मात्र लख्ख ऊन असतं. दिवसातून दोन संध्याकाळी मिळणाऱ्या कोंबड्या पुण्यात आणखी कुठे असतील असं मला वाटत नाही.

मी अंड्यातून बाहेर आले त्याच आठवड्यात ढब्बू आला. कौशल्याबाईंच्या मुलाला, संभाजीला, कालव्याच्या कडेला कुत्र्याचं पिल्लू सापडलं आणि तो ते हेल्मेटमध्ये घालून घरी घेऊन आला. ते रडायचं थांबेना. शेवटी कौशल्याबाईंनी त्याला आमच्याबरोबर डालग्याखाली घातलं. आईच्या एका पंखाखाली आम्ही आणि दुसऱ्या पंखाखाली तो. मला अजून कधीकधी ती ऊब स्वप्नात येते. मोठा झाल्यावरही तो स्वतःला आमच्यातलाच समजायचा. चारची सावली पडली की आमच्याबरोबर तोही जांभई द्यायचा.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर मी खुडूक झाले. खुडूक होणं म्हणजे काय, ते झाल्याशिवाय कळत नाही. अंडी द्यायची थांबतात, अंग गरम होतं आणि पोटाखाली काहीतरी हवं असं सारखं वाटत राहतं. कौशल्याबाईंनी मला दोनदा पाण्यात बुचकळून पाहिलं. मी बधले नाही. मग त्यांनी अंगणात संभाजीच्या स्कूटरमागच्या कोपऱ्यात घमेलं ठेवलं, त्यात भुसा पसरला आणि अंडी मांडली. अंडी बारा होती, पण उबवायला नेहमी विषमच ठेवायची, म्हणून एक संभाजीच्या ऑम्लेटला गेलं. उरलेल्या अकरांवर, नव्या अंड्यांत मिसळू नयेत म्हणून, कोळशाची रेघ ओढून त्यांनी मला बसवलं. तेव्हापासून माझे दिवस आणि स्वप्नं एकमेकांत मिसळून गेली.

आता एका भोकाबद्दल सांगते. अंगणाच्या मागच्या भिंतीत, तळाशी, एक भोक होतं. गेल्या वर्षी गवंडी ते बुजवायला निघाला तेव्हा कौशल्याबाईंनी त्याला थांबवलं होतं.

"ऱ्हाऊ दे ते. मुंगसाची वाट हाय ती."

मुंगूस दिसलं की त्या हातातलं काम टाकून हात जोडायच्या. संभाजीच्या इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी ते दिसलं होतं आणि त्याला नोकरी लागली होती. शिवाय मुंगूस असलं की साप फिरकत नाहीत, असं त्या शेजारच्या सोसायटीतल्या बायकांना अंडी देता देता सांगायच्या. ढब्बूनं एकदा भुंकून त्याला पळवलं, तर फटका ढब्बूलाच बसला. तेव्हापासून मुंगूस आलं की तो शहाण्यासारखा मान दुसरीकडे वळवायचा.

मी बसल्याचा बारावा दिवस होता. कौशल्याबाई लेकीकडे कर्वेनगरला बारशाला गेल्या होत्या, संभाजी ऑफिसात होता आणि ढब्बू पुढच्या दाराशी पडला होता. चारची सावली आली. तुरेवाली, तांबडी आणि लंगडी, माझ्या तिघी मैत्रिणी, भिंतीशी जाऊन बसल्या. मीही पेंगत होते. भोकातून काहीतरी सोनेरी ओघळलं. इतकं हलकं, इतकं सुरेख, की मला ते स्वप्नच वाटलं. ते तुरेवालीच्या मागे गेलं आणि तिची मान वाकडी झाली. मग तांबडीची. लंगडी तेवढी एकदा ओरडली.

मी ओरडले नाही. हे मला स्पष्ट सांगायचं आहे. मी अंग चपटं केलं, अंडी पोटाखाली ओढून घेतली आणि गप्प राहिले. थोड्या वेळानं घमेल्याच्या काठावर एक टोकदार नाक आलं. त्याचे लाल डोळे माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात ढब्बूच्या नखांचा फरशीवर आवाज झाला आणि ते नाक नाहीसं झालं.

ढब्बूनं तिघींना हुंगलं. तुरेवालीला कितीतरी वेळ चाटलं. ती उठेना, तेव्हा तिला अलगद तोंडात धरून त्यानं उंबऱ्यावर नेऊन ठेवलं. बहुधा कौशल्याबाई आल्या की तिला उठवतील असं त्याला वाटलं असावं. त्या आल्या तेव्हा तो तिच्या शेजारी बसून शेपूट हलवत होता. त्याच्या तोंडाला रक्त लागलेलं होतं.

संध्याकाळी माय-लेकांचं बोलणं झालं.

"आई, त्यानं आजवर कधी पिल्लाला पण टच नाही केलं गं."

"आजवर न्हाय केलं. आता रगताची चव लागली. उद्या सोसायटीतल्या लेकराला चावला तर काय करशील?"

उरळीच्या पुढे त्याच्या मित्राची नर्सरी आहे, तिथे ढब्बूला ठेवायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. फिरायला नेतात असं समजून ढब्बू स्वतःच उडी मारून आत बसला. टेम्पो वळेपर्यंत तो माझ्याकडे बघत होता. मला तेव्हा कॉक म्हणायलाही सुचलं नाही.

तो गेल्यावर चौथ्या दिवशी, तशीच सावली पडलेली असताना, आमच्यातली पांढरी कोंबडी तशीच मेली. त्या वेळी कौशल्याबाई घरातच होत्या. पांढरीचा आवाज ऐकून धावत आल्या, तर अंगणात दुसरं कुणी नव्हतं. त्या तिथेच पायरीवर बसल्या. मग त्यांनी पलीकडच्या घरातल्या ज्ञानदेवांना हाक मारली. ज्ञानदेव जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं ड्रेसर होते, जखमांची मलमपट्टी करायचे. निवृत्त झाले तरी गल्लीतल्या प्रत्येक शेळीची चौकशी अजून करतात.

त्यांनी चष्मा पुसला, पांढरीला मांडीवर घेतलं आणि मानेवरची पिसं फुंकर मारून बाजूला केली.

"वहिनी, त्या तिघींना कुठं चावलं होतं?"

"मानेलाच. मागनं. बाकी अंगाला ओरखडा न्हवता."

"पिसं उडाली होती अंगणभर?"

"न्हाय."

"मग कुत्रा कसा म्हणालात? कुत्रा कोंबडी धरली की झटकतो. घरभर पिसं होतात. मांजर उचलून नेतं. घार पिल्लांवर येते, एवढी मोठी कोंबडी तिला झेपत नाही." त्यांनी आगपेटीतली काडी काढून दातांच्या दोन खुणांमध्ये धरली. अर्धीसुद्धा काडी लागली नाही. "ढब्बूचा जबडा एवढासा आहे का?"

कौशल्याबाईंनी काडी स्वतःच्या हातात घेतली आणि पुन्हा खुणांवर धरून पाहिली.

"आता मी नाव घेणार नाही," ज्ञानदेव म्हणाले. "घेतलं तर तुम्ही मलाच घराबाहेर काढाल. चुलीतली राख द्या थोडी."

त्यांनी फाटकाखाली, पत्र्याच्या फटीपाशी आणि भिंतीतल्या भोकासमोर राख चाळून पसरली. पुढचे दोन दिवस कौशल्याबाईंनी उरलेल्या कोंबड्या घरातच कोंडल्या आणि माझं घमेलंही स्वयंपाकघरात नेलं. तिसऱ्या दिवशी दोघंही अंगणात वाकून बसले. फाटकाखालची राख जशीच्या तशी होती, फटीपाशीही काही नव्हतं. भोकासमोर मात्र बारीक पावलं उमटली होती. पाच बोटं आणि प्रत्येक बोटापुढे नखाचं टिंब.

"कुत्र्याची चार उमटतात," ज्ञानदेव म्हणाले. "मांजराचीही चारच, आणि नखं दिसत नाहीत."

"पर ते तर दर्शन द्यायला येतंय," कौशल्याबाई हळूच म्हणाल्या.

"येऊ दे की. येताना दर्शन देतं, जाताना प्रसाद घेऊन जातं."

एरवी असं बोलल्यावर कौशल्याबाईंनी ज्ञानदेवांना सोडलं नसतं. त्या दिवशी त्या उठल्या, विटा गोळा केल्या, सिमेंट कालवलं आणि स्वतःच्या हातानं ते भोक बुजवलं. शेवटची वीट लावण्याआधी त्यांनी भोकाला हात जोडले. मग पदरानं तोंड पुसलं आणि संभाजीला फोन लावला.

"टेम्पो बघ. ढब्बूला आणायचाय. आजच्या आजच."

ढब्बू आला तो माझ्या बैठकीचा एकोणिसावा दिवस. टेम्पोतून तो खाली उतरला, कौशल्याबाईंच्या पायाशी लोळला, त्यांचे हात चाटले. त्यांनी फाटक उघडं धरलं. तो फाटकापर्यंत आला आणि थांबला. संभाजीनं शिट्टी वाजवली, बिस्किट दाखवलं. ढब्बूनं शेपूट हलवलं, पण पाय आत टाकला नाही. उचलून आणला तेव्हा थरथरत उभा राहिला आणि सोडल्याबरोबर बाहेर जाऊन बसला.

आज त्याला महिना होत आला. तो तिथेच असतो, फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला. कौशल्याबाई सकाळी भाकरी घेऊन बाहेर जातात आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसतात. सोसायटीत जाणारे लोक बघतात, त्याचं त्यांना काही वाटत नाही.

"चुकलं रे माझं," असं त्या रोज म्हणतात. ढब्बू त्यांचा हात चाटतो, भाकरी खातो आणि आत येत नाही.

माझी नऊ पिल्लं निघाली. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या पंखाखाली हात लावला तर कळेल किती ऊब आहे ती. ती ऊब ढब्बूमुळे शिल्लक आहे, हे मला ठाऊक आहे आणि आता तुम्हालाही. परवा मी त्यांना पहिल्यांदा फाटकाबाहेर घेऊन गेले. ढब्बू ऊन खात पडला होता. पिल्लं जवळ येताना दिसली तसा तो घाईनं उठला आणि चार पावलं लांब जाऊन बसला. पिल्लं पुन्हा जवळ गेली. तो पुन्हा उठला, आणखी लांब गेला, आणि त्यानं तोंड दुसरीकडे वळवलं.

ज्यानं काही केलं नाही तो कसा लांब सरकतो, ते मी पाहिलं आहे. तुम्ही या गल्लीतून जाल तेव्हा त्याला हाकलू नका, एवढंच सांगायचं आहे. पिल्लं लांब गेली की कोंबडीनं हाक मारून त्यांना परत बोलवायचं, ही आमची रीत. आजही ती नऊ जणं त्याच्या मागे मागे रस्त्याच्या कडेनं चालली आहेत. मी त्यांना परत बोलवत नाही.