हासेनबाखची दुसरी मंडळी

वसुधा साळवेला नोकरी लागली ती फुटबॉलचा वर्ल्ड कप संपल्यावर, म्हणजे दोन हजार सहाच्या ऑगस्टात. नवरा भास्कर जर्मनीत नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात इंजिनियर. त्याच्या मागोमाग येऊन तिलाही आता चार वर्षं होत आली होती आणि जर्मन बऱ्यापैकी जमायला लागलं होतं. काम अर्धवेळ होतं. तिथल्या प्रोटेस्टंट चर्चने एक उपक्रम काढला होता. आसपासच्या खेड्यांत घाना, काँगो, नायजेरियाकडची माणसं विखुरलेली होती. कुठे गोदामात, कुठे तळघरात त्यांच्या उपासनेच्या मंडळ्या भरत. त्यांना धड जागा मिळवून द्यायची, परवानग्या, विमा, वेळापत्रकं बघायची. हे सगळं वसुधाकडे होतं. नगरहून आईने फोनवर विचारलं, नेमकं करतेस तरी काय? वसुधा म्हणाली, "अगं, किल्ली एकाकडे असते आणि दार दुसऱ्याला उघडायचं असतं. मधे मी."

पहिलंच काम अवघड निघालं. क्वाबेना ओफोरी नावाचे घानाचे पाळक होते. आठवडाभर ते गोदामात फोर्कलिफ्ट चालवत आणि रविवारी टायरच्या एका रिकाम्या शेडमध्ये उपासना घेत. शेड विकली गेली. वर्ष संपायच्या आत जागा सोडायची होती. जवळच हासेनबाख नावाचं गाव होतं. तिथलं देऊळ, म्हणजे गावचं चर्च, मोठं, दगडी, आणि रविवारी सकाळी आत मोजकी म्हातारी माणसं. दुपारी तर कुणीच नाही. वसुधाने तिथल्या मंडळीच्या पंचांची वेळ मागून घेतली.

पंच सभ्यपणे बोलले. तुमचे लोक किती वेळ गातात? ढोल असतात का? नंतर जेवण शिजवतात का? शेवटी हेगेलेबाई बोलल्या. तीसेक वर्षं देवळाची झाडलोट, घंटा, मेणबत्त्या सगळं त्याच बघायच्या. त्या म्हणाल्या, लोक या देवळात शांततेसाठी येतात, ती एकदा मोडली की परत मिळायची नाही.

वसुधाने आपल्या गावचं सांगितलं. तिचे वडील खेड्यात पाळक होते. त्यांच्या देवळात तबला-पेटीवर भजनं व्हायची, आणि जुन्या गोऱ्या मिशनऱ्यांपैकी काहींना तेही गोंगाट वाटायचं. पंच हसले, पण निर्णय झाला नाही. पुढच्या बैठकीत बघू, असं ठरलं. पुढच्या बैठकीत बघू म्हणजे काय, हे कळायला वसुधाला जर्मन यायची गरज नव्हती.

घरी आल्यावर ती चिडून भास्करला म्हणाली, "अहो, देऊळ रिकामं पडलंय आणि हे लोक रस्त्यावर येणार."

भास्कर कांदा चिरत होता. तो म्हणाला, "खरंय. पण नाइलाजाने दिलेल्या जागेत त्यांना तरी प्रार्थना सुचेल का?"

नोव्हेंबरात तिने बैठकीची तारीख विचारायला फोन केला, तर कळलं की बैठक पुढे गेली आहे. हेगेलेबाईंचे यजमान, ओयगेन, झोपेतच गेले होते. तिने ओफोरींना कळवलं ते केवळ उशिराचं कारण म्हणून. त्यांनी लगेच माती कधी आहे ते विचारलं. म्हणाले, आम्ही येऊ.

वसुधा गडबडली. तिने स्पष्टच सांगितलं, की जागेसाठी गोड बोलायला आलात असं लोकांना वाटेल.

"सिस्टर वसुधा," ओफोरी म्हणाले, "जागा मिळाली नाही तरी आम्ही येणारच. शेजारी माणूस गेला तर घरात बसून राहायला आम्हाला जमत नाही."

या बोलण्याने ती आतून हलली. दोन वर्षांपूर्वी तिचे वडील गेले तेव्हा ती विमानाच्या तिकिटासाठी धावत राहिली आणि मातीला पोचलीच नाही. गावातलं कोण कोण आलं होतं, हे आई आजही एकेक नाव घेऊन सांगत असे. "या," ती म्हणाली, "पण इथे आधी विचारावं लागतं. मी विचारते."

असलं फोनवर विचारायचं नसतं, म्हणून ती बसने हासेनबाखला गेली. हेगेलेबाईंनी दार उघडलं आणि तिला स्वयंपाकघरात बसवलं. वसुधा म्हणाली, की जागेच्या विषयाचा याच्याशी काही संबंध नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी त्यांना तसं सांगेन, कुणाला वाईट वाटणार नाही.

बाईंनी तिच्यापुढे कप ठेवला. "येऊन काय करतील?"

"गातील."

"ओयगेन इथल्या गायकवृंदात खर्जात गायचा," बाई म्हणाल्या. "तो वृंद केव्हाच मोडला. ऑर्गनवाल्याचा हात प्लास्टरमध्ये आहे. ओयगेनच्या मातीला सीडी लावणार होते. सीडी!" मग त्यांनी डोळे पुसले. "ढोल नकोत."

"नाही आणणार."

"आणि लगेच परत जाऊ नका म्हणावं. नंतर कॉफी आहे."

ओफोरींनी पाळी बदलून घेतली, बायकांनी कामावरून सुट्टी मागितली. मातीच्या दिवशी जाड जाकिटांखाली शोकाची काळी-लाल वस्त्रं नेसून तीसेक माणसं आली आणि मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसली. गावकरी माना वळवून बघत होते.

मग ओफोरींनी इशारा केला आणि ते उभे राहिले. शब्द त्यांच्या भाषेतले होते, पण चाल सगळ्याच देवळांत फिरलेली, जुनी. पहिलं कडवं त्यांनी एकट्यांनी म्हटलं. दुसऱ्याला पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने जर्मनमधून सूर धरला, मग त्याच्या शेजारणीने. तिसऱ्या कडव्याला वसुधाच्या लक्षात आलं की आपण मराठीत गातोय, वडिलांनी शिकवलेलं. कबरीपाशी मूठभर माती टाकायची तिची पाळी आली तेव्हा ती रडली, आणि ते रडणं कुणासाठी होतं हे तिला पुरतं ठाऊक होतं. ओफोरींच्या बायकोने काही न विचारता तिचा हात धरून ठेवला.

कॉफीला सगळे थांबले. खुर्च्या कमी पडल्या. पहिल्यांदा गप्पा अडखळत झाल्या, मग ओयगेनची गोष्ट निघाली, मग गुडघेदुखीची. पुढच्या बाकावरचा तो म्हातारा ओफोरींना खर्ज कसा लावायचा ते दाखवत होता.

डिसेंबरात बैठक झाली. सगळेच विरघळले असं नाही. दोघांनी विरोधात मत दिलं, आणि त्यांतला एक नंतर वसुधाशी कधी धड बोलला नाही. पण बाकीच्यांनी ईस्टरपर्यंत रविवारची दुपार देऊन बघू असं ठरवलं. ढोलाचं काय, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी हेगेलेबाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "छोटे चालतील. मी मागे बसून ऐकेन आणि मग सांगेन."

पहिल्या रविवारी त्या खरंच आल्या. कोट न काढता शेवटच्या बाकावर बसल्या, मधे दोनदा उठून ओल्या बुटांची माती पुसली आणि शेवटपर्यंत थांबल्या. गाणी लांबली. मुलं बाकांमधून नाचली. उपासना संपल्यावर त्या थेट ओफोरींकडे गेल्या, आणि वसुधा भाषांतराच्या तयारीने घाईघाईने जवळ गेली.

"फार थंडी वाजली," हेगेलेबाई म्हणाल्या. "बायकांनी कडेवरच्या बाळांना जाकिटात गुंडाळलं होतं, मी बघितलं. पुढच्या रविवारी मी तासभर आधी येऊन हीटिंग लावते. आणि पाळकसाहेब, ते दुसरं गाणं कुठलं होतं? त्यात खर्ज कुणीच लावत नव्हतं."

भाषांतराची गरज पडली नाही. ओफोरींनी हसून हाक मारून चार पुरुषांना बोलावलं, आणि त्यांनी ते गाणं तिथेच, कोट घालता घालता, पुन्हा सुरू केलं. वसुधाची बस पाच मिनिटांत सुटणार होती. तिने भास्करला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि बाकावर बसली.