दाराकडे पाठ

आरोपपत्र घरी येऊन तीन दिवस झाले, तरी किल्लीकाकांनी त्याची घडी मोडली नव्हती. येता-जाता ते त्या कागदाकडे बघत आणि नजर वळवत. शेवटी त्यांच्या पत्नीने, म्हणजे बाईंनीच तो उचलला. त्यांची पस्तीस वर्षं पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवण्यात गेली होती. न वाचलेला कागद घरात पडून राहिला की त्यांना चैन पडत नसे.

झालं होतं ते एवढंच. भर दुपारी एक माणूस दोन पिशव्या घेऊन काकांच्या कुलूप-किल्ल्यांच्या टपरीवर आला. घराची किल्ली हरवली, म्हणाला. काका हत्यारांची पेटी घेऊन त्याच्याबरोबर गेले, दार उघडून दिलं आणि परत येऊन कानस चालवायला बसले. चार दिवसांनी खरा घरमालक परगावाहून आला, तेव्हा चोरांनी घर धुऊन नेलेलं होतं. समोरच्या खिडकीतून एका शेजारणीने पाहिलं होतं, की तो माणूस आत गेला आणि किल्लीवाला दाराकडे पाठ करून रस्ता न्याहाळत उभा राहिला. चौकीवर साहेबांनी विचारलं, "पाठ करून उभे होतात?" काका म्हणाले, "हो." साहेबांनी लिहून घेतलं, काकांनी सही केली. जामिनावर घरी सोडलं, आणि कोर्टाची तारीख पंधरा दिवसांवर आली.

बाईंनी ओळीखाली बोट धरून कागद मोठ्याने वाचला. घरफोडीला जाणूनबुजून मदत केली आणि पाळत ठेवली, असा आरोप होता.

काका ऐकून घेऊन म्हणाले, "कुलूप मी उघडलं. आता नाही कसं म्हणू? जाऊन कबूल म्हणतो आणि मोकळा होतो."

हा माणूस नाकासमोर चालणारा, हे बाईंना चाळीस वर्षं ठाऊक होतं. तो कोर्टात उभा राहून खरंच 'कबूल' म्हणेल आणि एका शब्दात चोरांचा साथीदार होऊन बसेल. मग कोण त्याला आपल्या दाराशी उभं करणार? आणि टपरी नसली तर हा दिवसभर करणार काय? वकील करू या, असं त्यांनी सुचवताच काकांनी हात झटकले. वकील करणं म्हणजे आपल्या वतीने खोटं बोलायला माणूस ठेवणं, असं त्यांचं मत होतं.

"खोटं बोलूच नका," बाई म्हणाल्या. "पण विचारलंय काय, ते तरी आधी समजून घ्या. प्रश्न न वाचता उत्तर लिहिणाऱ्याला मी कधी मार्क दिले नाहीत. तुम्हालाही देणार नाही."

काकांना हसू आवरलं नाही. तीन दिवसांत पहिल्यांदाच हसले ते.

पहिले वकील मोठ्या खुर्चीत बसले होते आणि बोलताना ती डावी-उजवीकडे फिरवत होते. कागद त्यांनी हातात घेतला, पण उघडला नाही. काळजीच सोडा, केस जिंकलीच समजा, म्हणाले. बाईंनी शाळेतल्याच आवाजात विचारलं, की आरोप नक्की कसला आहे? "चोरीचा, दुसरा कसला?" वकील म्हणाले. बाईंनी कागद अलगद त्यांच्या हातातून काढून घेतला, नमस्कार केला आणि नवऱ्याला घेऊन जिना उतरल्या. खाली आल्यावर काका पुटपुटले, "अगं, तो जिंकून देतो म्हणत होता." त्यावर बाई म्हणाल्या, की न वाचता जिंकणारा हरतोही न वाचताच.

दुसऱ्या वकील एक तरुण बाई होत्या. त्यांची खोली पिठाच्या गिरणीच्या वर होती. गिरणी सुरू झाली की टेबलावरच्या पेन्सिली थरथरत. वकीलबाईंनी कागद दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी पेन्सिलीने खुणा केल्या. मग त्या थेट काकांशी बोलायला लागल्या, आणि तेवढ्यानेच बाईंचा अर्धा जीव भांड्यात पडला. निकाल काय लागेल याची हमी कुणी देऊ शकत नाही, मीही देणार नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. काय काय करीन, त्याचे किती घेईन, ते कागदावर लिहून देते, घरी नेऊन वाचा आणि पटलं तर या.

"आणि खोटं बोलायचं?" काकांनी विचारलं.

"ते मला जमत नाही, काका. पटकन पकडली जाते मी." त्या हसल्या. "बरं, मला सांगा, सहा लिव्हरचं कुलूप आहे, आत सहा पट्ट्या. किल्लीने पाच लिव्हर बरोबर उचलले, एक राहिला. काय होईल?"

"काय होणार? उघडणार नाही."

"पाच उचललेत तरी?"

"पाच काय अन् एक काय. सगळे एका रांगेत आल्याशिवाय कडी सरकतच नाही."

"आरोपाचंही तसंच असतं. कुलूप तुम्ही उघडलंत, हा एक लिव्हर. तो उचलला गेलाय, आपण नाही म्हणायचंच नाही. पण तो माणूस चोर आहे हे तुम्हाला माहीत होतं, हा दुसरा. तुम्ही पाळत ठेवलीत, हा तिसरा. सगळे उचलायचं काम त्यांचं आहे. कोर्ट 'कबूल आहे का' म्हणून विचारतं तेव्हा ते एका लिव्हरचं विचारत नाही, अख्ख्या कुलपाचं विचारतं."

काकांनी बोटांवर तीन मोजले. गिरणी थांबली, पेन्सिली थांबल्या. समजून घेत असलेल्या मुलाला मध्येच टोकायचं नसतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

मग वकीलबाईंनी त्या दिवशी कसं केलंत ते करून दाखवा, म्हणून सांगितलं. कोपऱ्यातल्या कपाटाचं कुलूप वर्षभर अडकलेलं होतं, तेच दाखवलं. काका गुडघ्यावर बसले. डोळे मिटून त्यांनी कुलपाला कान लावला, तार आत सरकवली. बाई बघतच राहिल्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, पण परक्या दाराशी काम करताना नवऱ्याला त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. खट्ट झालं. काका उठले, कपाटाला हातही न लावता वळले आणि त्याच्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

"काका," वकीलबाईंनी हळूच विचारलं, "असे का उभे राहिलात?"

काकांना प्रश्नच कळला नाही. "म्हणजे? उघडलं की वळायचं. आतलं आपलं नसतं. उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. दार ज्याचं त्याने ढकलायचं, आपण आत नजर टाकायची नाही."

"हे चौकीवर सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, पाठ केली होती का. केली होती."

बाईंनी पदराने चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिल्या.

त्यानंतरचे दिवस पायपिटीत गेले. काकांनी ज्यांची दारं उघडून दिली होती, त्यांना जाऊन विचारायचं, तुम्हाला काय आठवतं, आणि ते सांगायला याल का? पढवायचं काहीच नाही, अशी वकीलबाईंची ताकीद होती. काकांना मेल्याहून मेल्यासारखं होई. ते कोपऱ्यावर थांबत आणि बाई दार वाजवत. शिंपी म्हणाला, हो, हा माणूस वळून उभा राहतो खरा. दवाखान्यातल्या नर्सलाही आठवलं. एका म्हाताऱ्या आजींनी तर कोपऱ्यावरच्या काकांना हाक मारून जवळ बोलावलं.

"अरे, तू पाठ फिरवून उभा राहिलास ना, मला वाटलं, माझ्यावर रागावलास! पैसे कमी दिले की काय, म्हणून चार दिवस डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या. आधी सांगायचंस की रे." वर कोर्टात यायचं त्यांनी आपण होऊनच कबूल केलं. फक्त तिथे बसायला खुर्ची मिळते का, तेवढं विचारून ठेव म्हणाल्या.

तारखेच्या दिवशी काकांनी इस्त्रीचा सदरा घातला. वकीलबाईंनी सगळं पुन्हा समजावलं होतं. आज साक्षी नाहीत, आज फक्त आरोप वाचतील आणि एकच प्रश्न विचारतील. उत्तर मात्र तुमचं तुम्हीच द्यायचं.

बाई मागच्या बाकावर बसल्या. न्यायाधीशांनी आरोप वाचला आणि तो समजला का, असं विचारलं. समजला, काका म्हणाले. मग तो प्रश्न आला. गुन्हा कबूल आहे का?

बाईंना काकांची फक्त पाठ दिसत होती, आणि खांदे किंचित वर आलेले. पहिल्या दिवशी शाळेत एकट्याने उभं राहिलेलं मूल असंच दिसतं. तिथे पुढे जाऊन हात धरता येत नाही. बाईंनी बाकाची कड घट्ट धरली.

"नाही," काका म्हणाले. "कबूल नाही."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं, साक्षींसाठी पुढच्या महिन्यातली तारीख दिली आणि पुढचं नाव पुकारलं. बाहेर व्हरांड्यात वकीलबाई दुसऱ्या कामाला निघून गेल्यावर काका भिंतीला टेकले. कपाळावर घाम होता.

"अगं," त्यांनी विचारलं, "खोटं नाही ना बोललो मी?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या सदऱ्याची दुमडलेली कॉलर सरळ केली. "खरं तेच बोललात. आणि स्पष्ट बोललात. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं."