अंतर कुठून मोजलं?

काका रविवारी सकाळी स्वतःहून आले, तेव्हाच आईच्या मनात पाल चुकचुकली. पुतणीच्या शाळेत कधी न फिरकलेला हा माणूस तिच्यासाठी इंजिनीअरिंगची कॉलेजं शोधून, पट्टीने रकाने आखून यादी घेऊन आला होता.

"वहिनी, काळजी सोडा. पाच कॉलेजं काढलीत, एकाहून एक सरस."

आई घरी शिवणकाम करायची. हातातलं काज पुरं झाल्याशिवाय मान वर करत नसे. आज मात्र तिने सुई कापडात तशीच टोचली आणि यादी ओढून घेतली.

पाचही कॉलेजं एकाच शहरात. बसने चार तास लांब.

"काका, मी सांगितलेलं कॉलेज यात कुठंय?" लेकीने विचारलं. "इलेक्ट्रॉनिक्सची लॅब तिथलीच चांगली आहे. होस्टेलही आवारातच."

"तिथलं पाणी जड आहे गं. केस गळतात."

"मग टकली इंजिनीअर होईन. चालेल मला."

बाबा हसले नाहीत. एरवी लेकीचे असले टोमणे कारखान्यात सांगत सुटणारा माणूस खिडकीबाहेर बघत बसला होता. आईला ते यादीपेक्षा जास्त खटकलं.

ती एकेक रकाना वाचू लागली. होस्टेलचा रकाना पाचही ठिकाणी कोरा. शेवटी अंतर. पहिल्या कॉलेजपुढे 'चालत दहा मिनिटं', दुसऱ्यापुढे 'सायकलने पाव तास'.

"भाऊजी, ही दहा मिनिटं कुठून हो?"

"कुठून म्हणजे... स्टँडवरून."

"स्टँड तर पार गावाबाहेर आहे. मी कापड आणायला गेले होते की."

काकांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

"सांगून टाक आता," बाबा पुटपुटले.

मग सगळं बाहेर आलं. त्या शहरात काकांच्या साहेबांचं घर होतं; अंतरं तिथूनच मोजलेली. आणि साहेबांना लग्नाचा मुलगा होता. पोरगी त्यांच्याकडे राहील, शिकेल, घरात हातभार लावेल. अठरा पूर्ण झाली की लग्न.

"शिकायला कोण नको म्हणतंय? सासरची रीत आधीच कळलेली बरी. आम्ही शब्द दिलाय, वहिनी."

"आणि मला कुणी विचारलं?" लेक ताडकन उठली. "मी त्यांच्या घरी राहणार नाही. लग्न तर नाहीच."

"वेडे, सोन्यासारखं स्थळ आहे!"

"भाऊजी," आई म्हणाली, "शब्द तुम्ही दिलात, परत घ्यायलाही तुम्हीच जा. माझी लेक शिकायला जाईल. नांदायला नाही."

आवाज चढला नव्हता. देवापुढे बसल्यावर असतो तेवढाच होता.

"अर्जावर माझी सही लागेल," बाबा म्हणाले. ती धमकी होती की स्वतःची सुटका, हे त्यांनाही ठरवता आलं नसावं.

लेकीने प्रवेशाचा अर्ज पुढे ओढला. कॉलेजच्या पहिल्या पसंतीच्या जागी तिने आपल्या मनातलं नाव लिहिलं आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे 'आई किंवा वडील' लिहिलंय, बाबा."

आईने पेन घेतलं. एकेक अक्षर जोडून तिने सही केली. काका चपला घालून निघून गेले.

मुलींना आम्ही शिकवतो, असं आपण अभिमानाने सांगतो. कुठे शिकवायचं ते ठरवताना त्यांना खरं काय ते सांगतो का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं. त्या घरात बाबांनी सही झालेला अर्ज उचलून वाचला. मग हळूच म्हणाले,

"त्या होस्टेलात... बापाला भेटायला कधी येऊ देतात गं?"