तिघींचं मशीन

तिघी बहिणींतल्या मधलीच्या यजमानांनी दुकानातलं शिलाई मशीन दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं, डोळे मिटून अंदाज घेतला आणि परत काउंटरवर ठेवलं.

“हे जाईल,” ते म्हणाले.

“कुठे जाईल?” दुकानदाराने घाबरून विचारलं.

“कुठेही. पार्सल म्हणून बिनबोभाट जाईल.”

त्यांची सारी नोकरी टपालखात्याच्या पार्सल विभागात झाली होती. शर्टाचं बटण तुटलं की ते शर्ट बदलत. त्यामुळे शिलाई मशीनबद्दल ठाम मत असलेले घरातले ते एकटेच. त्यांच्याबरोबर आलेल्या तिघींना शिवता येत होतं, म्हणून त्यांना शंका होत्या.

तिघींत मिळून एक मशीन घ्यायचं, ही योजना धाकटीची. मशीन महिन्यामहिन्याने घरं बदलणार होतं. पहिल्यांदा थोरलीकडे, मग मधलीकडे, मग धाकटीकडे, आणि पुन्हा थोरलीकडे. ने-आण करायला यजमान होतेच. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण उचलण्याजोगी वस्तू दिसली की त्यांना विचारावं लागत नसे.

याआधी मशीन एकच होतं आणि ते थोरलीच्या खिडकीपाशी असायचं. कुणाची पॅन्ट आखूड करायची, कुणाच्या उशीला अभ्रा हवा, की सगळे तिच्याकडे जात. टीप पडेपर्यंत बसत, आणि टीप पडल्यावरही बसत. गेल्या वर्षी त्या मशीनचं खालचा दोरा फिरवणारं शटल झिजलं. नवं कुठेच मिळेना, तेव्हा भंगारवाला ते घेऊन गेला. त्यानंतर बहिणींचं येणंही हळूहळू बंद पडलं. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर निदान मिटवायला तरी कुणी आलं असतं.

‘या गं’ असं म्हणणं थोरलीला कधी शिकावंच लागलं नव्हतं. ‘काही उसवलंय का?’ एवढं विचारलं की भागायचं. म्हणून धाकटीने फोनवर योजना सांगताच ती लगेच हो म्हणाली. मशीन फिरणार म्हणजे कुणीतरी ते आणून देणार, कुणीतरी न्यायला येणार. दोनदा दार वाजणार. फक्त मशीन हलकं हवं. जड वस्तू असली की माणसं ‘राहू दे, पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतात, आणि पुढचा महिना तसा पुढेच राहतो. यातलं ती कुणाला बोलली नाही.

यजमानांनी पसंत केलेलं मशीन पांढरंशुभ्र होतं. एका बाजूला बटणं, आणि त्या बटणांनी फुलं, पानं आणि बदकं काढता येत होती.

“बदकं कशाला?” मधलीने विचारलं.

“असू देत गं. बदक कुणाला नको असतं?” धाकटी म्हणाली आणि पिशवीतून मुलाच्या जुन्या जीन्सचा एक पाय काढला.

तिघी परीक्षेचं कापड घरून घेऊन आल्या होत्या. जीन्सची दुहेरी घडी सुईखाली गेली आणि मशीन जोरात सुरू झालं. नुसतं सुरूच झालं नाही, तर चालूही लागलं. काउंटरच्या कडेपर्यंत पोचलं तेव्हा यजमानांनी त्याला अडवलं.

“हलकं आहे ना,” त्यांनी बाजू घेतली. “उत्साही असतात अशी.”

मधलीने जीन्स उजेडात धरली. दर थोड्या अंतरावर टाका सुटला होता.

“काय वाटतं, ताई?”

थोरलीने चष्मा वर केला, टीप पाहिली, चष्मा खाली केला.

“छान आहे,” ती म्हणाली.

दोघी बहिणी तिच्याकडे बघतच राहिल्या. धाकटीच्या लग्नात, अगदी मांडवाच्या दाराशी, धाकटी नवरीच्या कपड्यांत उभी असताना थोरलीने तिच्या बाहीची टीप वाकडी म्हणून उसवली होती आणि पाहुण्यांना ताटकळत ठेवून पुन्हा घातली होती. तिच्या तोंडून ‘बरी आहे’ ऐकायला धाकटीने पंधरा वर्षं घालवली. आणि हे बदकवालं मशीन एका दमात ‘छान’ झालं.

“ताई, तुझं अस्तराचं कापड काढ ना,” मधली म्हणाली. “तूच म्हणतेस ना, सुळसुळीत कापडावरच मशीनची जात कळते?”

“घरी राहिलं.”

ते तिच्या पिशवीच्या तोंडातून वीतभर बाहेर लोंबत होतं. मधलीने ते पाहिलं, थोरलीने तिला पाहताना पाहिलं, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“त्या कोपऱ्यात काय आहे?” मधलीने दुकानदाराला विचारलं.

“ते घरगुतीच आहे. पण अंग सगळं लोखंडाचं. मोटर नवी, भाग सगळीकडे मिळतात. फुलंबिलं मात्र काढत नाही.”

“बदकं?”

“नाही.”

यजमान बाह्या सरसावून पुढे झाले. त्यांनी मशीनला मिठी मारली, लालबुंद झाले, आणि मग जणू मिठीच मारायची होती अशा थाटात मागे सरले.

“हे जाणार नाही,” त्यांनी निकाल दिला.

मधलीने थोरलीच्या पिशवीतून ते लोंबणारं अस्तर सरळ ओढून काढलं आणि सुईखाली ठेवलं. पायडल दाबलं. मशीन गुरगुरलं, पण जागचं हललं नाही. टीप पुढे जात राहिली. थोरलीचा हात आपोआप पुढे आला आणि कापडाला मागून नुसता आधार देऊ लागला. तिने कापड उलटं केलं, अंगठ्याचं नख टाक्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. नख कुठेही अडकलं नाही. तिच्या चेहऱ्यावर काय पसरलं ते दुकानदारालासुद्धा दिसलं.

मग तिने हात मागे घेतला.

“जड आहे फार. ते पांढरंच घ्या.”

“आणि सुटलेले टाके?”

“टाके सुटतातच. माणसाने इतकं चिकित्सक असू नये.”

आता मधलीला काळजीच वाटली. ती थोडा वेळ बहिणीकडे बघत राहिली, मग तिच्या पिशवीकडे, मग घाम पुसणाऱ्या आपल्या नवऱ्याकडे.

“चिमे,” तिने धाकटीला विचारलं, “तुझ्याकडे मशीन ठेवणार कुठे?”

“जेवणाच्या टेबलावर.”

“आणि जेवणार कुठे?”

“त्या महिन्यात उभ्याने.”

“माझ्याकडे तर जागाच नाही. यांची रिकामी खोकी आहेत.”

“लागतात खोकी,” यजमान म्हणाले.

“मग हे लोखंडी घेऊ, आणि ताईच्या खिडकीपाशी ठेवू. एकदा ठेवलं की हलवायचं नाही.”

“आणि तुम्ही?” थोरलीच्या तोंडून निघून गेलं. परत घेण्यासारखं ते नव्हतं.

“आम्ही येऊ की. मशीन जड असलं म्हणून काय झालं, ताई? कापड हलकं असतं.”

धाकटीने एकीकडून दुसरीकडे पाहिलं. आपली योजना मोडली हे तिला आधी कळलं आणि का मोडली ते मग.

“मी दर महिन्याला नाही हं येणार,” ती म्हणाली. “दर आठवड्याला येईन. आमचं कार्टं गुडघे फाडायचं थांबतंय थोडंच!”

थोरली खाली मान घालून अस्तराचा लोंबता दोरा कापत होती. एक दोरा कापायला इतका वेळ लागत नाही. मान वर केली तेव्हा आवाज नेहमीसारखा करडा होता.

“येताना कपडे धुऊन आणायचे. मळकं काही मी सुईखाली घेणार नाही. आणि अर्ध्या तासात निघते म्हणायचं नाही, घाईत टीप बिघडते.”

“ताई तिसऱ्या मजल्यावर राहतात,” यजमान मशीनकडे बघत पुटपुटले. “लिफ्ट नाही.” ते कुणी मनावर घेतलं नाही.

“मशीनबरोबर एक स्टूल मिळतं,” दुकानदार म्हणाला.

“आणखी दोन द्या,” थोरली म्हणाली. “बुटकी नकोत, मधलीचे गुडघे दुखतात.” जरा थांबून तिने यजमानांकडे नजर टाकली. “आणि पाठ टेकायची एक खुर्चीही दाखवा. हात असलेली.”